सुईवरचे टाके आणि वहीतली वीण

आईच्या ट्रंकेत दोन वस्तू सापडल्या. एक शंभरपानी वही आणि एक अपुरा स्वेटर. स्वेटर अजून सुईवरच होता. दहा नंबरच्या दोन सुया, त्यांपैकी एकीवर गर्द तांबड्या लोकरीचे शहाण्णव टाके आणि खाली वीतभर विणलेला भाग. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. लहानपणी लोकरीची लडी दोन्ही हातांत धरून मी तिच्यासमोर तासन्‌तास बसलो होतो आणि ती गुंडा करत असे. विणायला मात्र मी कधी शिकलो नव्हतो.

वहीत विणींचे नमुने होते. काही मासिकांतून कापून चिकटवलेले, काही मैत्रिणींकडून उतरवून घेतलेले. "३ सु., २ उ., लो. पु., दो. ए." अशा ओळींमागून ओळी. सुलट, उलट, लोकर पुढे, दोन टाके एकत्र. एखाद्या रासायनिक समीकरणासारखी ही भाषा मला वाचता येत होती, पण कळत नव्हती. स्वेटर पुरा करावा असे मनात आले. त्यासाठी आई नेमकी कुठे थांबली होती हे शोधणे भाग होते. तो शोध मला हाताच्या या कलेच्या लेखनाच्या इतिहासाकडे घेऊन गेला. हा इतिहास शिक्षकांना जवळचा वाटावा असा आहे, कारण त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. हातांना जे येते ते कागदावर कसे उतरवायचे? आणि कागदावरचे वाचून ते पुन्हा दुसऱ्याच्या हातांत कसे उतरते?

एकच धागा, एकही गाठ नाही

मराठीत मागावरच्या कामालाही विणणे म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही. दोन्हींची रचना मात्र अगदी वेगळी आहे. मागावरच्या कापडात उभे-आडवे असंख्य धागे एकमेकांखालून-वरून जातात आणि जवळजवळ सरळ राहतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढला जातो, त्यातून तिसरा. पूर्ण स्वेटरात खरी गाठ एकही नसते, म्हणूनच टोक मोकळे करून ओढले की तो सरसर उसवतो. फासाला वाकायला आणि सरकायला जागा असल्यामुळे लोकर फारशी न ताणताही कापड ताणले जाते. पायमोज्याला टाचेवर वळता येते ते यामुळेच.

ही कला किती जुनी? ईजिप्तमध्ये सापडलेले, अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेले लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले आहेत. त्यांना बरीच वर्षे विणलेलेच समजत. पुढे धाग्याचा मार्ग बारकाईने तपासल्यावर कळले, की ते एका नाकाच्या सुईने केलेले आहेत. त्या पद्धतीत धाग्याचा लहान तुकडा प्रत्येक फासातून पुरता ओढून घ्यावा लागतो आणि काम सहसा उसवत नाही. दोन सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे आज माहीत असलेले सर्वांत जुने नमुनेही ईजिप्तमधलेच, पण सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत. निळ्या-पांढऱ्या सुताचे ते मोजे आहेत. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन वस्तू रचनेने वेगळ्या निघाल्या. वर्गीकरणाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आज आपण विणकामाची सुरुवातच सुलट आणि उलट या दोन टाक्यांनी करतो. वास्तविक हे दोन टाके नाहीतच. सुलट टाका मागून पाहिला की तो उलट दिसतो. गोल विणणाऱ्याला काम फिरवावे लागत नाही, तेव्हा त्याचे केवळ सुलट टाक्यावर भागते. उलट टाका मुद्दाम वापरल्याच्या जुन्या नमुन्यांत फ्लॉरेन्सची डचेस, टोलेडोची एलिओनोरा हिच्या रेशमी मोज्यांचा उल्लेख होतो. ती १५६२ साली वारली आणि ते मोजे तिच्या थडग्यात मिळाले.

यंत्र आधी, पुस्तक नंतर

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र बनवले. प्रत्येक टाक्याला एक आकडा आणि सगळी ओळ एकदम, अशी त्याची कल्पना होती. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार दिला नाही. शेवटी तो फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. त्याच्या यंत्राचे तत्त्व मात्र पुढे दोन-तीन शतके टिकले.

याउलट, हाताने विणण्याची इंग्रजीतली सर्वांत जुनी ज्ञात छापील कृती १६५५ सालची आहे. लंडनमध्ये निघालेल्या ‘नातुरा एक्सेंतेराता’ नावाच्या ग्रंथात ती येते. हा ग्रंथ मुख्यतः औषधांच्या पाककृतींचा. काढे आणि मलमांच्या संगतीला पायमोज्याची कृती आहे. म्हणजे विणकामाचे यंत्र निघाल्यानंतर सहासष्ट वर्षांनी विणकामाची कृती छापली गेली!

याचे नवल वाटायला नको. ज्या घरात सगळ्यांनाच विणता येते तिथे कृती लिहिणार कोण आणि कोणासाठी? मुलगी आईच्या शेजारी बसून पाही आणि शिके. ली यानेसुद्धा पुस्तक वाचून नव्हे, हात पाहूनच यंत्र केले असणार. १६५५ च्या त्या कृतीत संक्षेप नाहीत, आकृती नाही. सगळे सलग वाक्यांत लिहिलेले आहे. ज्याला मोजा विणता येतो त्यालाच ती समजते आणि ज्याला येतो त्याला तिची गरज नाही. पहिल्याच प्रयत्नात लेखनाची खरी अडचण अशी उघडी पडली.

अक्षरांची जुळवाजुळव

ही अडचण सोडवण्याचे काम १८४० च्या दशकात ब्रिटनमधल्या काही स्त्रियांनी केले. मऊ, रंगवलेली जर्मन लोकर बाजारात मिळू लागली होती, छपाई स्वस्त झाली होती आणि हौसेसाठी विणणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांची संख्या वाढली होती. त्यांना शेजारी बसून शिकवायला कोणी नव्हते. १८४० साली एडिंबरोच्या जेन गोगेन यांचे ‘द लेडीज असिस्टंट’ निघाले. त्यांनी प्रत्येक क्रियेसाठी एक अक्षर ठरवले आणि क्रियेचा प्रकार बदलला की काही अक्षरे चक्क उलटी छापली. पुढच्या दोन-तीन वर्षांत कॉर्नेलिया मी आणि मिस लॅम्बर्ट यांचीही पुस्तके आली. प्रत्येकीचे संक्षेप वेगळे. एकीचे पुस्तक वापरणाऱ्या बाईला दुसरीच्या पुस्तकासाठी नव्याने बाराखडी शिकावी लागे. रसायनशास्त्रात मूलद्रव्यांची चिन्हे रुळायलाही याच शतकाचा बराच काळ लागला, हे इथे आठवावे. डाल्टनची वर्तुळे मागे पडली आणि बर्झेलियसची अक्षरे टिकली. कारण ती छापायला सोपी होती. विणकामातही तसेच झाले. उलटी अक्षरे गेली, साधी राहिली.

दुसरा प्रश्न मापाचा होता. एकच कृती दोघींनी विणली तर एकीचा मोजा पायात शिरत नाही आणि दुसरीचा गळून पडतो. सुईची जाडी सांगितल्याशिवाय कृती अपुरी राहते. मिस लॅम्बर्ट यांनी सुया मापण्यासाठी ‘स्टँडर्ड फिलिएर’ नावाची क्रमांकित मापपट्टी पुढे आणली. हे क्रमांक तारेच्या मापावरून आले आहेत. तार जितक्या अधिक वेळा भोकातून ओढावी तितकी ती बारीक होत जाते, म्हणून क्रमांक वाढला की जाडी कमी होते. आपल्याकडे आजही दुकानात हीच उलटी मोजणी चालते. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर, दहा नंबरची ३.२५ आणि बारा नंबरची २.७५ मिलिमीटर. "मोठा नंबर, बारीक सुई" हे आपल्या आया-मावश्यांना पाठ असते. त्यामागे तार ओढण्याचा कारखाना उभा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

पण सुई सारखी असूनही हात सारखे नसतात. म्हणून नंतरच्या काळात कृतीबरोबर दहा सेंटिमीटरात किती टाके बसावेत हे सांगण्याची रीत पडली. समजा, बावीस टाके सांगितले आहेत आणि ९० सेंटिमीटर घेर हवा आहे. मग १९८ टाके घालायचे. विणणाऱ्याचा हात किंचित सैल आहे आणि दहा सेंटिमीटरात एकवीसच टाके बसतात. घेर होईल १९८ भागिले २.१, म्हणजे ९४ सेंटिमीटरांहून थोडा जास्त. एका टाक्याची चूक शेवटी चार सेंटिमीटरांची सैल बाजू होते. मापनातली लहान चूक गुणाकाराने कशी फुगते हे सांगायला याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी वाट चित्राची होती. १५२० च्या दशकात जर्मनीत आउग्सबुर्ग येथे भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तके छापली जाऊ लागली होती आणि अशा पुस्तकांतून चौकटींच्या जाळीवर काढलेली नक्षी युरोपभर फिरली. एक चौकट म्हणजे एक टाका. विणकामासाठी चौकटीच्या कागदाचा उपयोग पुढे खूप वाढला. जपानने तर विणकामाच्या चिन्हांना राष्ट्रीय औद्योगिक मानकाचा दर्जा दिला. त्यामुळे जपानी न येणारी बाईही जपानी नमुना पाहून विणू शकते. अमेरिकेत बार्बरा वॉकर यांनी १९६८ आणि १९७० साली शेकडो विणींचे दोन जाडजूड संग्रह शब्दांत लिहून काढले आणि १९७२ चे तिसरे पुस्तक आलेखांचे केले.

ही भाषा परक्याला किती गूढ वाटते त्याचा एक किस्सा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल-तपासणी खात्याने परदेशी पाठवायच्या पत्रांत विणकामाच्या कृती घालण्यास मनाई केली होती. अक्षरे आणि आकड्यांच्या त्या ओळींत सांकेतिक संदेश दडवता येईल, ही भीती होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

कृती की तत्त्व?

इथवरचा इतिहास अचूक सूचना लिहिण्याचा होता. एलिझाबेथ झिमरमन (१९१० ते १९९९) यांनी त्याला वेगळे वळण दिले. त्या जन्माने इंग्रज, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहिल्या. त्या गोल सुईवर, शिवण न ठेवता विणत. १९५० च्या दशकात एका मासिकाने त्यांचा स्वेटर छापला, पण सूचना मात्र बदलून सपाट विणकामाच्या केल्या. यावर त्यांनी भांडण न करता १९५८ साली स्वतःचे छोटे वार्तापत्र काढले.

१९७१ च्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात त्यांनी ओळीओळीने हुकूम देण्याऐवजी प्रमाणे सांगितली. छातीच्या घेराचे टाके शंभर धरा. मनगटाला त्यांचा सुमारे एक पंचमांश, दंडाला एक तृतीयांश, गळ्याला दोन पंचमांश. मग लोकर कोणतीही असो, सुई कोणतीही असो, माणूस केवढाही असो, हिशेब तुमचा तुम्ही करा. आपल्या वर्गातही हाच वाद चालतो. प्रयोगाची कृती फळ्यावर पायरीपायरीने लिहून दिली तर उत्तर सर्वांचे बरोबर येते. तत्त्व देऊन सोडले तर काहींचे चुकते. पण लोकर बदलल्यावर कोणाला विणता येईल?

वहीतली चूक

आता माझ्या स्वेटराकडे येतो. वहीच्या पानावर एका मासिकातला कापलेला नमुना होता, बारा ओळींच्या पानांच्या विणीचा. बाजूला पेन्सिलीने पाच उभ्या रेघा. म्हणजे पाच ओळी झाल्या, सहावीपासून पुढे, असा मी निष्कर्ष काढला. मावशीकडून सुलट-उलट शिकून घेतले होतेच. दोन ओळी विणल्या आणि पानांचा आकार मोडला. तिसऱ्यांदा उसवताना मावशी म्हणाली, "अरे, वहीत काय बघतोस? सुईवर बघ. टाके सांगतात ना, खाली काय झालंय ते."

खरोखरच सांगत होते. भिंग घेऊन बसलो. लोकर पुढे घेतलेल्या जागी छिद्र असते, दोन टाके एकत्र केले की एक फास दुसऱ्यावर आडवा झुकतो, उलट टाक्याला आडवी गाठोडी दिसते. कापडावरून ओळी मोजल्या तेव्हा कळले, की आई सातवी ओळ संपवून थांबली होती. शेवटच्या दोन रेघा मारायच्या राहून गेल्या होत्या. नोंद अपुरी होती, पदार्थ पुरा साक्षीदार होता.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. छापील नमुन्यातली नववी ओळ अशी होती: १ सु., लो. पु., १ सु., दो. ए., १ सु., दो. ए., १ सु.; हेच पुन्हा. ही ओळ किती टाके खाते आणि किती देते ते पाहू. खाते १, १, २, १, २, १ असे आठ. देते मात्र सात. दोनदा दोन टाके एकत्र केले म्हणून दोन कमी झाले आणि लोकर पुढे घेतल्याने एकच वाढला. आठाच्या बारा पट शहाण्णव. म्हणजे एका ओळीत बारा टाके नाहीसे झाले असते. आईने मार्जिनमध्ये बारीक अक्षरात लिहिले होते: "१ कमी येतो. शेवटी लो. पु. राहिली. छापण्याची चूक."

ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. समीकरणाच्या दोन्ही बाजू तपासणे हे मी विद्यापीठात शिकलो असे मला वाटत होते. आई मॅट्रिक झालेली. तिने हिशेब मांडला असेल, की विणून पाहून उसवले असेल? वहीवरून ते कळत नाही. छापील अक्षरावर शंका घेऊन ती पडताळायची आणि दुरुस्ती लिहून ठेवायची, एवढे मात्र तिने केले होते. घरात तिला आम्ही कोणी कधी विचारले नाही, की तू हे कसे ओळखतेस. "आई विणतेय" एवढेच आम्हाला दिसे.

या कामातले विज्ञान बाहेरच्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला. ऋण वक्रतेची पृष्ठे वर्गात दाखवण्यासाठी कागदाच्या पट्ट्या चिकटवून नाजूक नमुने करत. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिती दाइना ताइमिना यांनी ते क्रोशाच्या सुईने विणले. दर ओळीत ठराविक प्रमाणात टाके वाढवत जायचे, बस्स. २०१८ साली पॅरिसच्या भौतिकशास्त्रज्ञांनी विणलेल्या कापडाच्या ताणाचा सिद्धान्त मांडला. धाग्याचे वाकणे, त्याची न बदलणारी लांबी आणि फासांची गुंफण या तीन गोष्टींवर तो उभा आहे. २०२४ साली अमेरिकेत जॉर्जिया टेक येथील सबेटा मात्सुमोतो यांच्या गटाने दाखवले, की तोच धागा असला तरी सुलट-उलट टाक्यांची मांडणी बदलली की कापडाचा ताठपणा बदलतो. पट्टीसाठी एक सुलट एक उलट घालावे, म्हणजे ती आवळून बसते, हे आईलाही माहीत होते. का बसते, हे आता सूत्रात सांगता येते. दोन्ही ज्ञाने हवीत.

अपुऱ्या कामाची किंमत

संग्रहालयात पुऱ्या झालेल्या वस्तू असतात. पुरी झालेली वस्तू आपली कृती लपवते, टोके आत ओवली जातात. सुईवर राहिलेले काम मात्र सुईचा नंबर, विणण्याची दिशा, थांबण्याची जागा आणि हाताचा ताण सगळे सांगते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांचेही असेच आहे. आपण त्यांच्याकडून स्वच्छ, खाडाखोड नसलेली वही मागतो आणि नेमके पाहण्यासारखे तेच पुसून टाकतो. मायकेल फॅरडेने आपल्या प्रयोगांच्या रोजनिशीत फसलेल्या प्रयोगांचीही क्रमवार नोंद ठेवली. मार्जिनमध्ये "१ कमी येतो" असे लिहिणारा विद्यार्थी आपल्या वर्गात असेल, तर त्याला वही पुन्हा उतरवून आणायला सांगू नये.

वर्गात एक उपक्रम करून पाहावा. मुलांना घरून विणकामाची जुनी वही किंवा कापलेला नमुना आणायला सांगावा. चौकटीच्या कागदावर एक वीण उतरवावी आणि प्रत्येक ओळीचे जमा-खर्च मांडावे. किती टाके खाल्ले, किती दिले? जुळत नसेल तर चूक कोणाची? ज्यांना विणता येते अशा आजी-मावश्यांना वर्गात बोलवावे. शिकवायला येणारी ती बाई गणिताच्या तासाला येते आहे, हे मुलांना आधी सांगावे.

स्वेटर अजून पुरा झालेला नाही. माझे बारा-चौदा बोटे काम झाले आहे. माझा हात आईपेक्षा घट्ट, त्यामुळे जिथे तिची सातवी ओळ संपते तिथे आडवी रेघ स्पष्ट दिसते. मावशी म्हणाली, सगळे उसवून पहिल्यापासून विण, एकसारखे येईल. मी तिचे ऐकलेले नाही.